घरच्या दुरुस्तीची पेटी: आधी माप, मग जोर

खानदेशात घरच्या घरी कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्यांचे वेळापत्रक ऋतूंनीच ठरवून दिलेले असते. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि त्याचा पंप अडकलेला निघतो. पेरणीच्या तोंडावर फवारणीचा पंप आणि वखराचे गंजलेले बोल्ट आठवतात. केळीच्या बागेतून रोज फिरणाऱ्या मोटारसायकलीला तर बाराही महिने काही ना काही लागतेच. एवढ्यातेवढ्यासाठी दर वेळी गॅरेज गाठणे परवडत नाही, म्हणून बहुतेक जण एखाद्या दिवशी हौसेने शंभर-दीडशे नगांची चकचकीत पेटी विकत घेतात. माझ्या मते घरच्या मेकॅनिकची ही पहिली आणि सर्वांत महाग चूक असते, कारण त्या पेटीतले निम्मे नग कधीच वापरात येत नाहीत आणि जे रोज लागतात तेच नेमके मऊ धातूचे निघतात. त्याच पैशांत मोजके पण घट्ट बसणारे पाने आणि वर एखादे बरे यंत्रही येऊ शकते.

भुसावळची रेल्वे आणि वरणगावची आयुध निर्माणी यांच्यामुळे आमच्या भागात हत्यार ओळखणारी माणसे गल्लोगल्ली सापडतात. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे आप्पा त्यांतलेच होते. एखाद्या बोल्टशी झटापट करताना मी दिसलो की ते ओट्यावरून न उठता एवढेच म्हणत, "आधी माप देख, मंग जोर लाव." पुढील मजकूर म्हणजे बहुतांशी याच वाक्याचा विस्तार आहे.

पाना बोल्टला कसा धरतो

बोल्टच्या डोक्याला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. उघड्या तोंडाचा फिक्स पाना त्यांपैकी समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो, त्यामुळे सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो आणि तोंड किंचित जरी फाकले तरी ते कोपरे झिजतात. रिंग पाना किंवा गोटी (डोक्यावर टोपीसारखी बसणारा सॉकेट) मात्र डोक्याला चहूबाजूंनी वेढते आणि जोर सहा ठिकाणी वाटला जातो. गोट्यांमध्येही दोन जाती आहेत. आतून बारा खाचा असलेली गोटी कुठल्याही कोनातून पटकन चढते, परंतु ती कोपऱ्याच्या अगदी टोकाशी पकडते; आतून साधी षटकोनी असलेली गोटी कोपरा सोडून बाजूच्या सपाट भागावर टेकते. जुन्या, रंग उडालेल्या, गंज धरलेल्या बोल्टसाठी म्हणूनच षटकोनी गोटीच घ्यावी. काम करतानाचा क्रमही असाच ठेवावा: पहिला झटका गोटीने किंवा रिंग पान्याने द्यावा आणि बोल्ट मोकळा झाल्यावरच तो भराभर फिरवून काढण्यासाठी फिक्स पाना हातात घ्यावा.

मापांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, पण त्यात एक खोच आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींवर जपानी पद्धतीची मापे चालतात: ६ मिमी जाडीच्या बोल्टचे डोके १० चे, ८ मिमीच्या बोल्टचे १२ चे आणि १० मिमीच्या बोल्टचे १४ चे असते. हार्डवेअरच्या दुकानातून कूलरच्या स्टँडसाठी, पंपाच्या पायासाठी किंवा वखरासाठी आणलेल्या बोल्टचे गणित वेगळे असते. तेथे ८ मिमीच्या बोल्टला १३ चे आणि १० मिमीच्या बोल्टला १७ किंवा नव्या मापाप्रमाणे १६ चे डोके येते. परिणामी एकाच घरात १२ आणि १३ ही दोन्ही मापे रोज लागतात आणि घात होतो तो येथेच, कारण १३ चा पाना १२ च्या डोक्यावर चढतो, किंचित सैल बसतो आणि जोर लावताच कोपरे खाऊन टाकतो. पाना चढवल्यावर जोर लावण्यापूर्वी तो हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. बोल्ट स्थिर असताना पाना जाणवण्याइतका हलत असेल तर एक माप खाली उतरावे.

दुसरी अडचण दुकानदार सांगत नाही. दोन्ही टोकांना फिक्स तोंड असलेल्या पान्यांचा संच ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ असा जोड्यांनी येतो, म्हणजे संपूर्ण संचात १२ चे तोंड एकच असते. नट एका बाजूने धरून बोल्ट दुसऱ्या बाजूने फिरवायचा असेल तर दोन्हीकडे एकाच मापाचे पाने लागतात आणि आपण हात चोळत बसतो. म्हणून एक संच फिक्स पान्यांचा घेतला तर दुसरा तसाच न घेता रिंग पान्यांचा घ्यावा, किंवा एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेल्या पान्यांचा घ्यावा. नाशिकला सातपूरमध्ये हत्यारे बनवणाऱ्या टपारियाचा कारखाना आहे आणि जालंधर-लुधियानाकडचे पानेही आपल्या बाजारात सर्वत्र मिळतात. पान्यावर क्रोम व्हॅनेडियम (कणखर पोलादाची जात) असा ठसा असेल, तोंडाच्या आतल्या कडा एकसारख्या तासलेल्या असतील आणि मुलाम्याला पापुद्रे सुटलेले नसतील, तर घरच्या कामाला तो आयुष्यभर पुरतो. परदेशी नावासाठी तिप्पट पैसे मोजण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

गोट्या फिरवण्यासाठी जी रॅचेट, म्हणजे मागे-पुढे हलवूनही गोटी एकाच दिशेने फिरवणारा दांडा, लागते तिच्या बाबतीत मात्र मोठे म्हणजे चांगले हा समज सोडावा. गोटी बसायच्या अर्ध्या इंची चौकोनाची, लांब दांड्याची रॅचेट ट्रॅक्टरला आणि चारचाकीच्या चाकांना ठीक आहे; दुचाकी, कूलर आणि पंप यांच्यासाठी तीन अष्टमांश इंचाची आखूड रॅचेटच अधिक उपयोगी ठरते. तिच्या आत ७२ दाते असतील तर एका दात्याला ५ अंशच फिरावे लागते, आणि टाकीखालच्या अडचणीच्या जागेत या ५ अंशांचे मोल कळते.

पेचकसांचे फार सांगण्यासारखे नाही: चपट्या तोंडाचे दोन आणि प्लस तोंडाचे क्रमांक १, २ व ३ असे तीन पुरेत, त्यांतही क्रमांक २ चा सर्वाधिक चालतो. एक बारकावा ध्यानात ठेवावा. जुन्या दुचाकींच्या इंजिनावरचे प्लस स्क्रू जपानी मानकाचे असतात आणि नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यांत पूर्ण खोलवर बसत नाही, म्हणून तो वर उसळतो आणि खाच गोल करतो. अशा स्क्रूसाठी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. हातोडीचा घाव बिटला खाचेत दाबून धरतो आणि त्याच क्षणी थोडे फिरवतोही. एकदा स्क्रू निघाले की त्यांच्या जागी त्याच जाडीचे आणि लांबीचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बसवून टाकावेत. ६ मिमीच्या ॲलन बोल्टला ५ ची आणि ८ मिमीच्या बोल्टला ६ ची किल्ली लागते.

पक्कड, नोज प्लायर, लहान-मोठी हातोडी, सेंटर पंच, छिन्नी, चपटी आणि गोल कानस, हॅक्सॉ या वस्तू घरात असतातच. तोंड कमी-जास्त करता येणारा स्क्रू पाना नळाच्या कामापुरता ठेवावा. पक्कडीने नट फिरवू नये, हे ज्याला सांगावे लागते त्याच्या हाती आपली मोटारसायकल देऊ नये.

किती आवळायचे

कॉलेजात असताना मी मोटारसायकलचे ऑइल बदलून खालचा सतराचा बोल्ट परत बसवत होतो. हातात अर्ध्या इंची लांब रॅचेट होती. बोल्ट टेकला, घट्ट झाला, आणि तरीही ऑइल गळू नये म्हणून मी आणखी पाव फेरा दिला. हाताला जाणवणारा ताण एकाएकी नाहीसा झाला आणि पाना लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनिअमची चकाकणारी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती; ते इंजिनाचे आटे होते. पुढे लेथवाल्याकडून मोठे आटे पाडून बुश (आतून आटे असलेली नळी) बसवून घ्यावे लागले आणि त्या खर्चात चांगला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागताच आवाज करून सांगणारा पाना, आला असता.

यामागचे गणित सोपे आहे. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजण्याचे माप) एवढे आवळणे पुरते. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याने एवढा जोर द्यायला सुमारे १० किलो ओढ लागते, पण २५ सेंटिमीटरच्या दांड्याला तेच काम ४ किलोत होते, म्हणजे भाजीची पिशवी उचलण्याइतक्या ओढीत. लहान मापाचे पाने आखूड आणि मोठ्या मापाचे लांब बनवतात त्याचे कारण हेच आहे. पान्याच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवण्याची सवय सोडवण्यापुरती एक वेळ चालेल. आवळताना ती कटाक्षाने टाळावी.

टॉर्क रेंच घ्यायचाच तर दुचाकीवाल्याने ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या टप्प्यातला लहान रेंच आधी घ्यावा, कारण ॲल्युमिनिअममध्ये बसणारे बहुतेक बोल्ट आणि लहान स्पार्क प्लग याच टप्प्यात येतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. रेंच हळू, एका लयीत ओढावा, 'टक्' असा आवाज येताच थांबावे आणि खात्री म्हणून दुसऱ्यांदा ओढू नये. त्याने बोल्ट सैल करू नयेत आणि काम झाल्यावर स्प्रिंगवरचा ताण उतरवून तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

न निघणारा बोल्ट

पोटॅशसारखी खते क्षारच असल्याने शेतात राबणाऱ्या यंत्रांचे बोल्ट घरच्या बोल्टांपेक्षा कितीतरी लवकर गंजतात. असा बोल्ट समोर आला की प्रथम तारेच्या ब्रशने आटे आणि डोक्याच्या बाजू स्वच्छ कराव्यात, कारण कडेला साचलेल्या मळामुळे पाना पूर्ण खाली बसत नाही. त्यानंतर गंज सोडवणारे तेल फवारून निदान काही तास, शक्य असल्यास रात्रभर, तसेच राहू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार-सहा सरळ घाव द्यावेत. त्या हादऱ्याने आट्यांतील गंज भेगाळतो. मग षटकोनी गोटी चढवून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि नंतर सोडवण्याच्या दिशेने, असा पुढे-मागे जोर द्यावा.

एवढ्याने भागले नाही आणि बोल्ट ॲल्युमिनिअमच्या भागात बसलेला असेल तर उष्णतेची मदत घ्यावी. तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बोल्टभोवतीचा भाग हॉट एअर गनने तापवला की भोक बोल्टपेक्षा जास्त मोठे होते आणि पकड सुटते. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्याजवळ, तसेच आदल्या रात्री फवारलेले तेल पुसून काढल्याशिवाय, ही युक्ती अजिबात करू नये. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलावाच लागला तर तळहात उघडा ठेवून ढकलावा, म्हणजे पाना सटकला तरी बोटांची सालटे निघत नाहीत. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण 'न निघणाऱ्या' बोल्टांपैकी काही निव्वळ उलट्या दिशेने आवळले जात असतात.

मल्टीमीटर, आणि कूलरला हात लावण्यापूर्वी

मल्टीमीटर हा विजेची मापे घेणारा नग पान्यांच्या पेटीत नसतो, तरीही माझ्या दृष्टीने सर्व पान्यांच्या खालोखाल याचेच मोल आहे. दुचाकी सुरू होत नसेल तर बॅटरीवर मल्टीमीटर लावावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. गाडी सुरू करून थोडी रेस दिल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. चढत नसेल तर नवी बॅटरी आणूनही उपयोग नाही, दोष चार्जिंगच्या बाजूला आहे. दोन मिनिटांच्या या तपासणीने निष्कारण होणारा बॅटरीचा खर्च वाचतो.

कूलरच्या बाबतीत प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे. पत्र्याची बॉडी, पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आल्यावर अर्थिंग तुटलेले असेल तर बॉडीला हात लावणारा माणूसच अर्थिंग बनतो. हंगामाच्या सुरुवातीला प्लग काढून ठेवावा, मीटर आवाजाच्या खुणेवर लावावा आणि एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरे टोक बॉडीवर रंग खरवडलेल्या जागी टेकवावे. मीटर वाजलाच पाहिजे. त्यानंतर पहिले टोक एकेक करून दोन्ही बारीक पिनांना लावावे. या वेळी तो मुळीच वाजता कामा नये. घराच्या वायरिंगमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर उत्तमच, मात्र त्याच्या भरवशावर चालू कूलरमध्ये हात घालू नये.

विजेवरची यंत्रे

पहिले यंत्र ड्रिल असावे. १३ मिमी चकचे (बिट धरणाऱ्या जबड्याचे), वेग कमी-जास्त करता येणारे आणि भिंतीसाठी हॅमरची सोय असलेले ड्रिल घरातील बहुतेक कामे करते. लोखंडाला भोक पाडताना वेग वाढवण्याचा मोह होतो आणि त्यातच बिट जळते; ६ मिमीच्या हायस्पीड बिटला मिनिटाला सुमारे १३०० फेरे आणि १२ मिमीच्या बिटला त्याच्या निम्मे फेरे पुरतात. आधी सेंटर पंचने खूण ठोकावी, बिटवर तेलाचा थेंब सोडावा आणि दाब असा ठेवावा की बारीक चुरा पडण्याऐवजी लांब, वळलेला काप निघत राहील. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, कारण फिरते बिट मोज्यासकट बोटे ओढून घेते.

बॅटरीवरच्या यंत्रांच्या जाहिरातीत १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट यांची स्पर्धा लावलेली दिसते. प्रत्यक्षात दोन्हींत पाच लिथियम सेलच एकापाठोपाठ जोडलेले असतात; सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेतला आकडा छापला की २० होते. त्यामुळे व्होल्टचा आकडा सोडून बॅटरीचे अँपिअर-अवर (वीज साठवण्याची क्षमता), तिची किंमत आणि तीच बॅटरी आणखी कोणत्या यंत्रांना चालते हे पाहावे. ज्याच्या शेतात किंवा गोठ्यात वीज पोहोचलेली नाही त्यानेच बॅटरीवरचे यंत्र घ्यावे. घरच्या ओसरीतल्या कामाला वायरचे यंत्र स्वस्त पडते आणि जास्त टिकते. मात्र त्याला एक्स्टेंशन बोर्डाची वायर बारीक देऊ नये. लांब, बारीक वायरीत विजेचा दाब कमी होतो आणि यंत्र तापते. रिळावरची वायर तर पूर्ण उलगडूनच वापरावी.

ग्राइंडरबद्दल मी थोडे जास्त लिहितो, कारण या यंत्राइतके उपयोगी आणि या यंत्राइतके धोक्याचे दुसरे काही घरात नसते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या घरात फेरे घेतो. चाकावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्तच असावा लागतो, आणि मधल्या धातूच्या कडीवर ठोकलेली मुदत उलटून गेली असेल तर ते चाक फेकून द्यावे, कारण त्याला धरून ठेवणारे राळेचे बंधन कालांतराने कमकुवत होते. कापण्याच्या पातळ चाकाने कडेने घासू नये. गार्ड काढू नये. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला कधीही लावू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. आमच्याकडे एक धोका आणखी आहे. दिवाळीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घराच्या पुढच्या खोलीतच छताला टेकेपर्यंत भरलेला असतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट उडतात. त्या दिवसांत ग्राइंडरचे काम घरापासून लांब, उघड्या जागी आणि वाऱ्याची दिशा पाहूनच करावे.

इम्पॅक्ट रेंच हे ठोके देत बोल्ट फिरवणारे यंत्र पाहायला फार रुबाबदार असते, पण ज्याच्याकडे दुचाकी आणि कूलर एवढेच आहे त्याने त्यावर पैसे घालू नयेत. ६ आणि ८ मिमीचे बोल्ट ते डोळ्याचे पाते लवण्याआत तोडते. ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट वेगळी. रोटाव्हेटरला ३६ ते ४८ पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट; मातीने माखलेले हे बोल्ट हाताने काढण्यात अख्खी दुपार जाते आणि खांदे भरून येतात. तेथे इम्पॅक्ट रेंच एका हंगामात आपली किंमत वसूल करतो. त्याला नेहमीच्या चकचकीत गोट्या मात्र लावू नयेत, त्या फुटून तुकडे उडू शकतात; काळ्या रंगाच्या, जाड भिंतीच्या इम्पॅक्ट गोट्याच वापराव्यात. बोल्ट परत बसवताना दोन-तीन आटे हाताने चढवावेत आणि शेवटचे आवळणे साध्या पान्याने करावे.

ठेवण्याची रीत

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापते. लिथियमच्या बॅटऱ्या ४० ते ४५ अंशांच्या वर चार्जिंगला लावू नयेत, म्हणून उन्हाळ्यात त्या शेडमध्ये न ठेवता घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवाव्यात आणि पहाटे किंवा रात्री उशिरा चार्ज कराव्यात. काम केल्या केल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नये. ती आधी हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. लांब मुदतीसाठी ठेवायची असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवण्यापेक्षा निम्म्याच्या आसपास ठेवावी.

पान्यांना पावसाळ्यापूर्वी एकदा तेलाचा बोळा फिरवला की पुरते, मात्र खताच्या गोणीशेजारी पेटी ठेवली तर हे तेलही कामाला येत नाही. राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा. गावात १२-१३ चा पाना ज्याच्याकडे आहे त्याच्या दारी माणसे येणारच, आणि नाही म्हणता येत नाही. मी प्रत्येक पान्याच्या दांड्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला आहे आणि पेटीच्या झाकणाला आतून एक वही टांगली आहे. पाना नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यात नाव लिहायचे. पट्ट्यामुळे पाना ओळखू येतो आणि वहीमुळे तो परत येतो, फक्त दहाची गोटी तेवढी तिसऱ्यांदा विकत आणावी लागली आहे.